गवत कोणी लावतं का?

मी काय करते ते सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या मागे बघतो. गाय उभी आहे का, ते बघतो.

मी सुरतेत लोकांच्या घरच्या बागांमध्ये गवत लावते. लॉन नाही. लॉनवाले वेगळे, ते चटईसारख्या गुंडाळ्या आणून अंथरतात आणि संध्याकाळी घरी जातात. मी लावते ते आपलं माळावरचं, बांधावरचं गवत. कमरेएवढं होणारं, तुरे येणारं, वाऱ्यावर डोलणारं. ते शोभेसाठी असतं, गुरांसाठी नसतं, आणि लोक त्याचे पैसे देतात. नातेवाइकांपुढे हे शेवटचं वाक्य मला दोनदा म्हणावं लागतं, कारण पहिल्या वेळी ते कोणाच्या कानात शिरत नाही.

आम्ही मूळचे नंदुरबारकडचे. माझे वडील, आबा, तरुणपणी लूमवर काम करायला सुरतेत आले आणि गोडादऱ्यात राहिले. जन्मभर लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना बोलायचं असेल तर ते मोठ्याने आणि थोडक्यात बोलतात, मशीन चालू असल्यासारखं. माय घरी बसून साड्यांचे धागे कापायची. म्हणजे कारखान्यातून गठ्ठे येतात, साडीच्या मागच्या बाजूला भरतकामाचे लोंबते धागे असतात, ते छोट्या कटरने कापून साडी साफ करून द्यायची. आमच्या गल्लीत निम्म्या बाया हेच करतात. अशा घरातून मी बॉटनी घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, इथेही सांगते. आबांनी माझी पदवी काचेत बसवून देव्हाऱ्याशेजारी लावली. त्यामुळे उदबत्ती ओवाळताना एक वळसा तिलाही मिळायचा.

आणि अशी ओवाळलेली पदवी घेऊन मी म्हटलं, मी गवत लावणार.

आबा घरच्या अहिराणीत, मशीनच्या आवाजात म्हणाले, "गवत कोनी लावस का? गवत येस."

म्हणजे गवत कोणी लावत नाही, ते आपलं आपण येतं. मायने त्यात भर घातली, की लग्नाआधी तिची सगळी उमर दुसऱ्याच्या वावरात गवत निंदण्यात गेली. आई उपटते, लेक लावते, लोक काय म्हणतील?

बाहेरच्यांना या कामात काय असतं ते कळत नाही, म्हणून थोडं सांगते. पवन्या, मारवेल, तिखाडी, कुसळी ही माझी नेहमीची मंडळी. पवन्या सरळ आणि शिस्तीचा, शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखा. मारवेलला जांभळट बोटांसारखे तुरे येतात. तिखाडी चुरगाळली की गुलाबाच्या जवळपासचा वास येतो. आमच्याकडच्या डोंगरांत तिचं तेल काढतात. आणि कुसळी. कुसळी ही सगळ्यांत देखणी आणि सगळ्यांत वाह्यात. तिच्या प्रत्येक बीला मागे लांब शेपटी असते आणि पुढे सुईसारखं टोक. पिकली की या शेपट्या एकमेकींत गुंतून तांब्याच्या रंगाच्या वेण्या होतात. उन्हं उतरताना त्या वेण्यांवर प्रकाश पडला की माणूस उभा राहतो. पण जवळून गेलात तर बी कपड्यात शिरते, आणि एकदा शिरली की पुढेच जाते. टोकाजवळ उलटे केस असतात तिला, ती मागे येत नाही.

ठोंब फोडायचे, पावसाच्या तोंडावर लावायचे, पहिल्या वर्षी पाणी द्यायचं. पुढे वर्षातून एकदा, जेठात, वीतभर ठेवून बाकी कापायचं. काम एवढंच. अवघड भाग गवताचा नाही, मालकाचा आहे. कारण हे गवत श्रावणात हिरवं, अश्विनात तुऱ्यांवर, मार्गशीर्षात सोनेरी आणि होळीला सुकलेलं असतं. ते सोनेरी झालं की फोन सुरू होतात. "ताई, तुमचं गवत वारलं." मी सांगते, वारलं नाही, झोपलंय. एका बाईंनी मला विचारलं होतं, झोपलंय तर पाहुणे येतील तेवढ्यापुरतं उठवता येईल का.

सुरतेतच, भटारला, एक निवृत्त पोस्टमास्तर होते, आपले मराठी, साताऱ्याकडचे. त्यांना गॅलरीत वाळा हवा होता. वाळ्याचा वास मुळांना असतो, हे त्यांना माहीत होतं आणि तीच अडचण झाली. मी उंच पिंपात वाळा लावून दिला. दर महिन्याला फोन, वाळा वाढत नाही. माती बदलली, खत घातलं, पिंप उन्हात सरकवलं. शेवटी एकदा न सांगता गेले, तर मास्तर ठोंब दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून मुळांचा वास घेत होते. दर रविवारी अंघोळीनंतर ते वाळा उपटायचे, वास आला का बघायचे आणि परत खोचून ठेवायचे. मी म्हटलं, काका, पत्र पोचायच्या आधी पाकीट रोज फोडून बघितलं तर कसं चालेल? तेव्हा कुठे त्यांना पटलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या माठात माझ्या वाळ्याची जुडी होती.

पण हे सगळं पुढचं. मला सांगायचंय ते पहिल्या मोठ्या बागेचं, जिच्यावर माझा धंदा राहणार की जाणार हे ठरणार होतं.

झालं असं, की माझ्या आतेभावाने सुरतेजवळच्या सचिन गावात एका डाईंग हाऊसच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याच्या लॅबमध्ये माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. पांढरा कोट, एसी, कंपनीची बस. आबांना त्या कोटाची फार भूल पडली होती. त्यांनी माझ्याशी सरळ बोली केली: लावतेस तर लाव एक बाग. त्या बागेवरून दुसऱ्या कोणी बोलावलं तर तुझं तू बघ. तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई संपेपर्यंत कोणी बोलावलं नाही, तर सचिन. मी हो म्हटलं. पदवीधर माणसाला आपल्याबद्दल जरा जास्तच खात्री असते.

ती एक बाग मिळाली सुरतेतल्याच वेसूला, जयंतीभाईंच्या बंगल्यात. जयंतीभाई साड्यांचे व्यापारी. त्यांना बागेची आवड नव्हती, शेजाऱ्याला मागे टाकायची होती. शेजाऱ्याकडे परदेशी लॉन होतं, त्यामुळे यांना असं काहीतरी हवं होतं जे त्या गल्लीत कोणाकडे नाही. मी म्हटलं, कुसळी कोणाकडेच नाही. तेवढ्यावर काम मिळालं.

ठोंब मामाच्या बांधावरून आणले. नंदुरबारहून सुरतेच्या उधना स्टेशनला येणाऱ्या पॅसेंजरमध्ये मी गवताची पोती घेऊन बसले, तर डब्यातल्या एका आजोबांनी चौकशी केली, म्हैस किती दूध देते. मी म्हटलं, म्हैस नाही, बंगल्यात लावायचंय. त्यांनी पोत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मायेने मला त्यांच्याजवळची अर्धी केळी दिली.

बंगल्यामागे फरशीचं मोठं गोल अंगण होतं. त्याच्या कडेने जयंतीभाईंना कुसळी हवी होती. मी तेव्हाच सांगितलं, की दिवाळीत हिच्या वेण्या पिकतील, तुळशीच्या लग्नाआधी त्या कापाव्या लागतील, मग उरलेलं गवत नुसतं डोलत राहील. ते म्हणाले, हो हो, कापा.

पावसाने साथ दिली आणि बाग अशी आली, की मी स्वतः दर रविवारी उगीच जाऊन बघून यायची. दिवाळीत कुसळीच्या वेण्या तांबूस झाल्या. संध्याकाळी गल्लीतले लोक फाटकाशी थांबून फोटो काढायला लागले. शेजारीही एकदा थांबले. जयंतीभाईंच्या आयुष्यातला तो फार मोठा दिवस होता.

मी विळा घेऊन गेले तर ते आडवे आले. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. आदल्या संध्याकाळी याच अंगणात गरबा ठेवला होता, राजकोटहून वरपक्ष येणार होता. फोटोवाल्याने सांगितलं होतं, मागे हे गवत पाहिजेच.

"जयंतीभाई, पिकलंय. आता टोचेल."

"बेन, गुलाब पण टोचतो," ते म्हणाले. "म्हणून लग्नाच्या आधी गुलाब कापून टाकतात का?"

उत्तर मला सुचलं ते रिक्षा उधन्यापर्यंत आल्यावर. गुलाब टोचतो खरा, पण तो पाहुण्याबरोबर घरी जात नाही.

मग मी निदान दोरी बांधायचं ठरवलं. अंगण आणि गवत यांच्या मधे हातभर अंतरावर दोरी, तिला झेंडूच्या माळा, म्हणजे ती शोभेची वाटेल. गरब्याच्या संध्याकाळी मी ती बांधायला गेले आणि मायला बरोबर नेलं. तिला रोषणाई बघायची होती, आणि तिची लेक नक्की कुठे काम करते तेही. बाग बघून ती एवढंच म्हणाली, "एवढं गवत आमना शेतमा ऱ्हातं, त मालकनी हाकली दिधं ऱ्हातं."

म्हणजे मालकाने कामावरून काढलं असतं. मी ते कौतुक समजले.

गरबा सुरू झाला. सुरुवातीला गोल लहान होता आणि माझी दोरी शाबूत होती. पण ढोलवाला चांगला निघाला. राजकोटच्या बाया नाचायला लागल्या तसा गोल फुगत गेला. दोरी कोणी तोडली नाही, ती नुसती गर्दीखाली नाहीशी झाली. ज्यांनी गरब्याचा घेरदार घागरा, चणिया, कधी फिरताना बघितलाय त्यांना कळेल. बाई जागच्या जागी फिरते, पण घेर दोन हात लांब जाऊन येतो. आणि प्रत्येक घेर कुसळीला पुसून परत येत होता.

मला दिसत होतं. मी हात हलवले. मला वाटतं, फोटोवाल्याने मीही नाचतेय असं समजून माझे फोटो काढले.

कुसळाचं वैशिष्ट्य असं, की ते लगेच टोचत नाही. आधी कपड्यात बसतं, तुम्ही हलाल तसं आत सरकतं. पहिली थांबली ती नवरीची काकी. ती पोटरी खाजवायला वाकली. मग तिच्या मागची. मग कोणीतरी मुंग्या म्हणालं, कोणीतरी आणखी काही म्हणालं, आणि एवढा मोठा गोल एका टाळीत फुटला. ढोलवाला थोडा वेळ एकटाच वाजवत राहिला.

उजेडात आल्यावर सगळं दिसलं. घागरे, ओढण्या, साड्या, सगळ्यांच्या खालच्या हातभर पट्टीवर कुसळं अशी उभी होती, जसे साळिंदराचे काटे. आणि सगळ्यांत जास्त होती वरमाईच्या साडीवर. त्यांचं नाव जसुबेन. साडी त्यांच्या सासूची बांधणी, रेशमी, जुनी. त्या रागावल्या नव्हत्या, त्याहून वाईट म्हणजे निऱ्या हातात धरून कुसळं मोजत होत्या. जयंतीभाईंच्या पत्नी धावत आल्या आणि एक कुसळ धरून ओढायला लागल्या. रेशमाचा एक धागा कुसळाबरोबर वर आला.

"ओढू नका," माय म्हणाली.

मराठीत म्हणाली, पण साडीच्या बाबतीत तिचा आवाज असा लागतो, की राजकोटलाही समजावा. तिने वरमाईला सरळ खुर्चीवर बसवलं, स्वतः फरशीवर बसली, पदराच्या गाठीतून तिचा धागे कापायचा कटर काढला. पदराला कटर बांधल्याशिवाय माय लग्नालाही जात नाही. साडीची कड तिने मांडीवर उलटी करून घेतली. आता गवताचं मला कळतं आणि कापडाचं तिला, म्हणून मी वर उभी राहून सांगितलं, की बी मागे येत नाही, पुढेच जाते. तिने मान हलवली. आधी शेपटी कटरने कापली, मग टोक पुढे ढकललं, आणि साडीच्या उलट्या बाजूने बी अलगद बाहेर काढली. धागा जागचा हलला नाही.

मग काय. गाद्या अंथरल्या गेल्या. वरपक्ष आणि वधूपक्ष एकमेकांच्या साड्या मांडीवर घेऊन बसले. कोणाकडे नखं कापायचं यंत्र, कोणाकडे मेंदीवालीची कात्री. सुरतेच्या व्याह्यांना राजकोटचे व्याही जरा तोऱ्याचे वाटत होते, म्हणे. पण जिच्या घागऱ्यातून आपण कुसळं वेचतोय तिच्याशी किती वेळ तोऱ्याने बोलणार? गाणी बसूनच झाली. माय अहिराणीत बोलत होती, जसुबेन काठियावाडी गुजरातीत, आणि दोघींचं हल्लीच्या सुनांबद्दल एकमत होत होतं.

एवढं सगळं गोड झालं, तरी जयंतीभाई व्यापारी माणूस. त्यांच्या डोळ्यांसमोर एकाच संध्याकाळी एवढ्या साड्यांची कड खराब होता होता वाचली होती. लग्नानंतर त्यांनी मला बोलावलं, चहा दिला आणि कुसळी काढून न्यायला सांगितलं. बाकीचं गवत राहू द्या म्हणाले. मी विचारलं, दिवाळीत तुम्ही म्हणाला होतात, तुमचे दोन मित्र बाग बघायला येणार होते, त्यांचं काय? ते म्हणाले, "बेन, ते बन्ने, दोघंही, गरब्यात होते."

कुसळीचे ठोंब मी पोत्यात भरून गोडादऱ्याला आणले आणि गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावले. लग्नसराई संपली, कोणी बोलावलं नाही. बोली ती बोली. मी सचिनला गेले.

लॅबचं काम वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू. कापडाचा तुकडा यायचा, त्याच्या रंगाशी जुळणारा रंग बनवून द्यायचा. माझी नजर चांगली होती. पण एकदा साहेबांनी एक छटा दाखवून हिला काय नाव द्यावं विचारलं आणि मी म्हटलं, पौषातला पवन्या. सगळी लॅब हसली. आबा मात्र खूश होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला कोट घालून पदवीच्या काचेपुढे उभं केलं. दूधवाल्याला आत बोलावून दोन्ही दाखवलं.

जेठ आला, तसा मी एका रविवारी गच्चीवर जाऊन डब्यांतली कुसळी वीतभर ठेवून कापली. कशासाठी, ते कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माय खालून कापलेलं उचलायला आली आणि जाताना सगळ्या डब्यांना पाणी घालून गेली.

पाऊस लागल्यावर, श्रावणात, एका संध्याकाळी राजकोटहून फोन आला. जसुबेन होत्या. आधी त्यांनी मायची तब्येत विचारली, मग सुनेचं थोडं ऐकवलं, मग मुद्द्यावर आल्या. त्यांनी ती बांधणी हवा द्यायला कपाटातून काढली होती. साडीच्या कडेला आतून जो फॉल लावतात ना, त्या फॉलमध्ये त्यांच्या हाताला काहीतरी लागलं. एक कुसळ, शेपटीसकट, आमच्या सगळ्यांच्या नजरेतून सुटलेलं. मायने दाखवलं होतं तसं त्यांनी पुढे ढकलून ते काढलं आणि खिडकीतल्या नुसती माती असलेल्या कुंडीत टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला. बघतात तर कुसळ फिरतंय.

हे खरं आहे. ओल लागली की कुसळाच्या शेपटीचा पीळ सुटतो, वाळली की परत बसतो, आणि त्या पिळाने बी स्वतःला मातीत स्क्रूसारखी फिरवत नेते. जसुबेननी नवऱ्याला हाक मारली. दोघं चहा घेऊन खिडकीशी बसले आणि गवताची बी जमिनीत शिरताना बघत राहिले. टीव्ही बंद होता, असं त्यांनी मुद्दाम सांगितलं. मग काही दिवसांनी हिरवी काडी वर आली.

त्यांच्या घरामागे मोठं आवार होतं, तसंच पडलेलं. तिथे त्यांना हे गवत हवं होतं. सगळीकडे. फक्त गरब्याची जागा लांब धरा, म्हणाल्या. आणि शेवटी विचारलं, "तमारां बा आवशे ने?"

माय येणारच होती. ती शेजारी बसून फोनला कान लावून ऐकत होती आणि एका हाताने पदराची कटरची गाठ चाचपत होती.

आबा समोर जेवत होते. मी त्यांना मोठ्याने, मशीनच्या आवाजात सगळं सांगितलं. साडीतलं कुसळ, कुंडी, पाऊस, राजकोटचं आवार. तुमची बोली संपलीय हे मला माहीत आहे, पण बोलावणं आलंय, असंही सांगितलं. त्यांनी भाकरीचा घास संपवला, वर पाणी घेतलं. दारामागे खुंटीला माझा पांढरा कोट टांगलेला होता, त्याच्याकडे एकदा बघितलं.

"मी तुले आधीच सांगेल व्हतं," ते म्हणाले. "गवत लावनं पडस नई. गवत येस."

आणि हात धुवायला उठता उठता त्यांनी विचारलं, पोती घेऊन जायचं तर राजकोटच्या गाडीत बसायला जागा मिळते का.